नवा कप्तान, जुने खलाशी: अंतराळयानाची मालिका पहिल्यांदा लिहिणाऱ्यांसाठी

देवगड बंदराजवळ माझं छोटं दुकान आहे. बोटींवर जीपीएस, फिशफाइंडर, व्हीएचएफ रेडिओ सेट बसवायचे आणि खारं पाणी शिरून बंद पडलेले उघडून बघायचे, हा धंदा. १ जूनला मासेमारी बंद होते, ३१ जुलैपर्यंत बोटी किनाऱ्यावर झाकून ठेवलेल्या असतात, आणि या दोन महिन्यांत मला एक फोन हमखास येतो. बोटीचा मालक हळू आवाजात सांगतो, तांडेल बदलतोय, तो निघायच्या आत जीपीएसमधले पॉइंट उतरवून ठेव. पॉइंट म्हणजे त्या तांडेलाने, म्हणजे बोटीच्या कप्तानाने, वर्षानुवर्षं साठवलेल्या जागा. कुठं कोळंबी लागते, कुठं पाण्याखाली खडप, म्हणजे खडक, आहे, कुठं बुडालेल्या बोटीचा सांगाडा जाळं फाडतो. कधी मी वेळेत पोचतो. कधी यंत्र चालू करावं तर पडदा कोरा.

उरलेल्या वेळात मी विज्ञानकथा लिहितो. त्यामुळे ओळखीतली आणि ओळखीच्यांच्या ओळखीतली पोरं आपापल्या वह्या घेऊन दुकानात येतात. अंतराळयानाची मालिका जवळपास सगळ्यांनाच लिहायची असते. तीन-चार भाग झाले की पहिल्या कप्तानाचा कंटाळा येतो. मग त्याला मारतात, नाहीतर बढती देऊन पृथ्वीवर पाठवतात आणि नवा आणतात. इथपर्यंत ठीक. पुढचं पान उलटावं तर यानावरचे बाकी सगळे जसेच्या तसे, जणू एसटीचा ड्रायव्हर तेवढा बदलला. नाहीतर उलट टोक: झाडून सगळी माणसं नवी, आणि वाचकाने पुन्हा पहिल्यापासून ओळखी करून घ्यायच्या.

कोण राहतं आणि कोण जातं हे ठरवायची माझी पद्धत खाली देतोय. लाडका म्हणून कोणाला ठेवू नका, त्याला काय माहीत आहे ते बघून ठेवा, एवढं एक धरून चाललात तरी पुष्कळ.

१. आधी कारण पक्कं करा

कप्तान का बदलतोय, यावर अर्धी यादी आपोआप ठरते. मेला, तर माणसं सगळी जागेवर असतात आणि खुर्चीवर पहिला हक्क उपकप्तानाचा. बाहेरून कोणी आला तर त्या उपकप्तानाच्या पोटात काय होतं ते लिहावंच लागतं. बदली झाली, तर जाणारा आपली दोन-चार माणसं मागून नेतो. काढून टाकलं, तर त्याच्या जवळच्यांवर संशय. आणि थोड्या दिवसांसाठी दुसरा बसवला असेल तर कोणीच जात नाही, पण सगळे दिवस मोजत असतात.

हे एका ओळीत वहीच्या पहिल्या पानावर लिहा. ते लिहिल्याशिवाय पुढच्या पायरीवर येऊ नका.

२. पट मांडा

यानावर किती माणसं आहेत ते ठरवा आणि त्यातल्या किती जणांना नाव आहे ते मोजा. या दोन संख्या वेगळ्या असतात आणि नवशिक्यांचा पहिला घोळ इथेच होतो. ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकन टीव्ही मालिकेच्या पहिल्या पायलट भागात, म्हणजे वाहिनीला दाखवायच्या नमुना भागात, कप्तान पाइक आपल्यावर २०३ जिवांची जबाबदारी असल्याचं बोलून दाखवतो. पुढे नवा कप्तान कर्क याच्या काळात त्याच ‘एंटरप्राइझ’ यानावर ४३० माणसं असतात. प्रेक्षकाला नावानिशी माहीत किती? दहा-बारा. म्हणजे जुन्यातले किती राहिले या प्रश्नाचं खरं उत्तर त्या दहा-बारांत शोधायचं असतं. बाकीचे चारशे गलबल्याला असतात.

नाव असलेल्या प्रत्येकासाठी वहीत तीन रकाने पाडा. पहिल्यात, याला असं काय माहीत आहे जे दुसऱ्या कोणालाच नाही. दुसऱ्यात, हा कोणाचा माणूस: जुन्या कप्तानाचा, कंपनीचा, की कोणाचाच नाही. तिसऱ्यात, हा अजून इथे का आहे.

तिसरा रकाना पोरं रिकामा ठेवतात. ‘त्याचं यानावर प्रेम आहे’ असं लिहिणारेही भेटलेत. आमच्याकडे बोटीवरचा खलाशी तांडेल बदलल्यावरही राहिला, तर त्याचं कारण बहुधा साधं असतं. मालकाकडून घेतलेली उचल फिटलेली नसते. किंवा मुलगी देवगडच्या शाळेत असते. किंवा नव्या बोटीवर त्याला घेईल असा तांडेल सापडत नाही, कारण तो संध्याकाळी जरा जास्त घेतो. मर्चंट नेव्हीत तर आणखी सोपं: करार संपायला अजून तीन महिने आहेत. असली कारणं लिहा. अंतराळातही माणसं पगार, सुट्टी आणि पोरांच्या शाळा यांनीच बांधलेली असणार.

३. किती ठेवायचे: खरी उदाहरणं बघा

सगळे एकदम बदलणं प्रत्यक्षात घडतं, पण त्यामागे तशी व्यवस्था लागते. अमेरिकेच्या अण्वस्त्रवाहू पाणबुड्यांवर दोन पूर्ण ताफे असतात, एक ‘निळा’, एक ‘सोनेरी’. एक ताफा गस्त घालून येतो, पाणबुडी दुसऱ्याच्या ताब्यात देतो, आणि कप्तानासकट सगळे उतरतात. यामुळे पाणबुडी जास्त काळ समुद्रात राहते, माणसं थकत नाहीत. तुमच्या यानाला असा दुसरा ताफा आहे का? नसेल तर सगळे एकदम बदलू नका.

व्यापारी जहाजावर याच्या नेमकं उलट. प्रत्येकाचा करार वेगळ्या तारखेला सुरू होतो आणि वेगळ्या तारखेला संपतो, त्यामुळे प्रत्येक बंदरात दोघे-चौघे चढतात, दोघे-चौघे उतरतात. कप्तान त्यातलाच एक. प्रत्येकाच्या सीडीसी पुस्तकात कुठल्या जहाजावर कधी चढला, कधी उतरला याची नोंद असते. तुमच्या यानाच्या माणसांची अशी पुस्तकं मनात तरी तयार ठेवा.

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाचा नमुना या दोन्हींच्या मधला आहे आणि लेखकाला सगळ्यात सोयीचा. २ नोव्हेंबर २००० पासून तिथे सतत माणसं आहेत. यानं तुकड्या-तुकड्यांनी लोक आणतात आणि नेतात. जुनी तुकडी निघायच्या आधी सहसा नवी आलेली असते, मधले काही दिवस दोन्ही एकत्र राहतात, आणि निघणारा कमांडर छोटा समारंभ करून ताबा देतो. त्यात प्रतीक म्हणून एक किल्लीही हातात देतात. म्हणजे कप्तान गेला तरी निम्मी माणसं जागेवर असतात आणि पुढच्या बदलाला ती निम्मी जुनी होऊन निघतात.

पण मला सगळ्यात जवळचा वाटतो तो सोव्हिएत अंतराळवीर सर्गेई क्रिकालेव्हचा किस्सा. १८ मे १९९१ ला तो फ्लाइट इंजिनियर म्हणून ‘मीर’ स्थानकाकडे निघाला. कमांडर होता अनातोली आर्त्सेबार्स्की. काही महिन्यांनी दोघांनी एकत्र उतरायचं ठरलेलं. मध्येच खालच्या लोकांनी पुढची दोन उड्डाणं मिळून एकच करायचं ठरवलं. त्या उड्डाणातली एक जागा कझाकस्तानच्या अंतराळवीराला द्यायची होती, आणि त्याचं दीर्घ मुक्कामाचं प्रशिक्षण झालेलं नव्हतं. मग वर इंजिनियर म्हणून राहणार कोण? क्रिकालेव्हला विचारलं. तो हो म्हणाला. ऑक्टोबरमध्ये आर्त्सेबार्स्की उतरला, अलेक्झांडर वोल्कोव्ह नवा कमांडर म्हणून आला, इंजिनियर तोच. डिसेंबरात सोव्हिएत संघच संपला. ३११ दिवस वर काढून क्रिकालेव्ह २५ मार्च १९९२ ला उतरला, तेव्हा ज्या देशाने त्याला पाठवलं होतं तो देश नकाशावर नव्हता.

यात बघा, त्याने मागे राहण्यात ना जुन्या कमांडरवरची निष्ठा आहे, ना नव्याची आवड. खुर्च्यांचं गणित चुकलं म्हणून तो राहिला. इतकं रुक्ष कारण आणि त्यातून निघालेली इतकी मोठी गोष्ट. आपण मात्र शपथा आणि अश्रू लिहीत बसतो.

मी स्वतः नाव असलेल्या दहांत चार ठेवतो, चार पाठवतो, दोन नवे कप्तानाबरोबर आणतो. हा काही नियम नव्हे, माझी सवय आहे.

४. खडप माहीत असलेला माणूस

राहणाऱ्या चारांत एक असा हवाच की ज्याच्या डोक्यात यानाचा नकाशा आहे. त्याचा हुद्दा जितका लहान तितकं बरं. का, ते सांगतो.

दोन-तीन वर्षांमागे एका ट्रॉलरवर नवा फिशफाइंडर बसवला आणि तो तपासायला म्हणून मी बोटीबरोबर बाहेर गेलो. तांडेल नवा, त्या सीझनला आलेला. जुना तांडेल जाताना जीपीएस पुसून गेला होता. बोटीवर अकरा वर्षं काढलेला एक खलाशी तेवढा राहिलेला. पन्नाशीचा, बारीक, तोंडात कायम तंबाखू. चौदा वाव खोल पाण्यावर आलो तसा तांडेलाने जाळं सोडायला सांगितलं. म्हातारा दोर सोडता सोडता थांबला.

‘तांडेलानू, हय टाकू नकात. खाली खडप आसा.’

तांडेलाने मी बसवलेल्या कोऱ्या करकरीत पडद्याकडे बघितलं. तळ सरळ, मऊ चिखलाचा. ‘यंत्रात काय दिसणा नाय,’ तो म्हणाला.

‘बरा,’ म्हातारा म्हणाला आणि दोर सोडला.

मी गप्प बसलो, हे कबूल करतो. फिशफाइंडर दाखवतो ते बोटीच्या बुडाखालचं. जाळं असतं मागे लांब, आणि त्या दिवशी प्रवाहाने ते बाजूला ओढलेलं होतं. हे मला माहीत होतं, पण नव्या तांडेलासमोर आपल्याच यंत्राची उणीव कोण काढणार? अर्ध्या तासाने इंजिनचा आवाज बदलला, बोट जागच्या जागी अडल्यासारखी झाली, दोर ताठ. जाळं वर घेतलं तेव्हा शेपटाकडची पिशवीच नव्हती. म्हाताऱ्याने एक शब्द काढला नाही. सुई-दोरा घेतला आणि उरलेलं जाळं पायावर पसरून विणायला बसला. त्याचं ते न बोलणं तांडेलाला शिवीपेक्षा जास्त लागलं असावं.

संध्याकाळी चहाचा ग्लास घेऊन तांडेल त्याच्या शेजारी जाऊन बसला. ‘आणखी खय खय आसा?’ त्याने विचारलं. मग म्हातारा केबिनमध्ये आला आणि मी एकेक पॉइंट भरत गेलो. त्याला अक्षांश-रेखांश येत नव्हते. किल्ल्याजवळचं दीपगृह डोंगरावरच्या अमक्या खाचेच्या रेषेत आलं की थांब, असं तो सांगायचा आणि मी नकाशावर रेषा ओढायचो. सतरा पॉइंट निघाले.

या प्रसंगात चार ठोके आहेत: सांगितलं, ऐकलं नाही, भुर्दंड बसला, विचारलं. नव्या कप्तानाच्या पहिल्या भागासाठी यापेक्षा सरळ बांधणी मला माहीत नाही. फक्त चौथा ठोका घाईने वाजवू नका, मध्ये संध्याकाळ जाऊ द्या.

हीच गोष्ट उलट्या बाजूने हवी असेल तर १९७९ चा ‘स्टार ट्रेक’चा पहिला चित्रपट बघा. यान पूर्ण नव्याने बांधलेलं, त्या कामावर देखरेख केलेला कप्तान डेकर. ऐन वेळी कर्क येऊन त्याची खुर्ची घेतो आणि डेकरला हाताखाली ठेवतो. अडीच वर्षांहून जास्त काळ कर्क अंतराळात गेलेला नाही. यानातल्या यानात त्याला लिफ्ट सापडत नाही, एका कर्मचारी बाईंना रस्ता विचारावा लागतो. हा रस्ता विचारण्याचा प्रसंग काही सेकंदांचा आहे, पण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. कारण पुढे समोर लघुग्रह येतो, कर्क फेझर, म्हणजे यानाची किरणांची तोफ, चालवायला सांगतो, आणि डेकर सगळ्यांसमोर तो हुकूम मोडून टॉर्पेडो सोडायला लावतो. नव्या रचनेत फेझरची ऊर्जा मुख्य इंजिनातून येते आणि इंजिन बिघडलं होतं, म्हणजे फेझर चाललेच नसते. कर्कला ते माहीत नव्हतं. इथे मागे राहिलेला माणूस ‘बरा’ म्हणून दोर सोडत नाही, हुकूम मोडतो आणि सगळे वाचतात. तुमच्या यानावर यातला कुठला माणूस आहे ते त्याच्या हुद्द्यावरून ठरेल. म्हातारा खलाशी हुकूम मोडू शकत नाही. उपकप्तान मोडू शकतो, आणि नंतर त्याला केबिनमध्ये बोलावलं जातं.

५. ताब्याचा कागद प्रत्यक्ष लिहा

जहाजाचा ताबा देताना जुना कप्तान नव्याला लेखी टिपण देतो. इंधन किती, गोडं पाणी किती, कुठली प्रमाणपत्रं कधी संपतात, काय मोडलंय, माणसांची यादी, तिजोरीतली रोकड मोजून दोघांच्या सह्या. कथेत हे टिपण येवो न येवो, तुमच्या वहीत ते हवं. एक पान पुरे. माझ्या ‘पद्मदुर्ग’ नावाच्या यानाचं असं होतं:

‘एकूण माणसं २४. त्यातली ९ माझ्याबरोबर उतरतात, यादी मागे.
इंधन ६१ टक्के दिसेल, ५८ धरा. मीटर पहिल्यापासून तीनने जास्त दाखवतो.
डावीकडचा एअरलॉक एका दाबात बंद होत नाही. दुसऱ्यांदा दाबू नका, चार मोजा.
डॉक्टर आणि इंजिनियर एकमेकांशी बोलत नाहीत. कारण मला माहीत आहे, तुम्हाला त्याची गरज नाही.
भंडाऱ्याची सुट्टी द्यायची राहिली.’

भंडारी म्हणजे जहाजावरचा स्वयंपाकी. शेवटच्या दोन ओळींनी मला पुढचे दोन भाग दिले. नवा कप्तान ते कारण शोधायला निघाला आणि त्याने ते शोधायला नको होतं, हा एक. आणि भंडारी सुट्टी मागतच नाही, का मागत नाही, हा दुसरा.

टिपणात एक गोष्ट मुद्दाम गाळा. काय गाळलंय ते तुम्हाला माहीत हवं आणि मागे राहिलेल्या एकालाच माहीत हवं.

६. पहिला हुकूम

नवशिके नव्या कप्तानाला भाषण देतात. ‘बॅबिलॉन ५’ या अंतराळ स्थानकावरच्या मालिकेत दुसऱ्या पर्वात कमांडर सिंक्लेअर जाऊन कप्तान शेरिडन येतो, त्याला ताबा घेतल्यापासून चोवीस तासांत एक भाषण करायचंच असतं आणि दर वेळी कोणीतरी मध्ये येतं. शेवटी तो ते रिकाम्या खोलीत म्हणतो. भाषणाचा याहून चांगला उपयोग मला तरी सुचलेला नाही, तेव्हा भाषण सोडा आणि पाळ्या बदला.

‘स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन’ मध्ये १९९२ च्या डिसेंबरात आलेली दोन भागांची एक कथा आहे. कप्तान पिकार्ड दुसऱ्या मोहिमेवर जातो आणि जेलिको नावाचा कप्तान येतो. तो आल्या आल्या सांगतो, तीन पाळ्यांऐवजी चार करा. उपकप्तान रायकर म्हणतो की विभागप्रमुखांना हे जड जाईल. जेलिको म्हणतो, मी विचारलेलं नाही. पुढे तो रायकरला कामावरून दूर करून डेटा नावाच्या अधिकाऱ्याला त्याच्या जागी बसवतो, आणि अखेर अवघड उड्डाणासाठी त्याच रायकरच्या दारात जातो, कारण त्याच्याइतका चांगला वैमानिक जवळ नाही. मध्ये एक छोटी गोष्ट: पिकार्डच्या खोलीत काचेच्या टाकीत एक मासा असतो, तोही जेलिको हलवायला लावतो. आमच्या बंदरात कोणी नवा तांडेल असा वागला तर लोक जाळं फाटलं ते विसरतील, मासा विसरणार नाहीत.

मला जेलिको आवडतो. असं म्हटलं की पोरं भांडतात. पण त्याच्यासमोर युद्ध उभं होतं आणि यान त्याचं नव्हतं. त्याला आवडून घ्यायला वेळ कुठे होता?

पाळ्यांचं गणित मात्र स्वतः करून बघा. ‘पद्मदुर्ग’वर २४ माणसं. तीन पाळ्या म्हणजे आठ तास, एका वेळी ८ माणसं कामावर. चार पाळ्या म्हणजे सहा तास, एका वेळी ६. माणूस ताजा राहतो, पण हात दोन कमी पडतात. त्यातून ९ जण उतरून अजून ६ च नवे आलेत, म्हणजे एकूण २१. आता चार पाळ्यांत कुठे पाच, कुठे सहा. आठ जणांनी चालवायचं ते पाच जणांनी चालवायचं आणि त्यातले एक-दोन नवीन. आता विभागप्रमुख तक्रार का करतात ते तुम्हाला न शोधता कळेल. जुन्या पाळीत एकत्र असलेले नवरा-बायको वेगळ्या पाळीत गेले का, तेही तक्त्यावर दिसेल.

७. नव्या कप्तानाची माणसं

तांडेल नव्या बोटीवर येतो तेव्हा दोन-चार खलाशी आपल्या ओळखीचे घेऊन येतो, त्यात नवल नाही. कथेतही आणा, पण तीनच्या वर नको. त्यातल्या एकाला आपल्या कप्तानाच्या जुन्या यानावरची सवय इथे नडू द्या. ‘आमच्याकडे असं करायचे’ हे वाक्य त्याच्या तोंडी तीनदा आलं की जुने लोक त्याला त्याच नावाने हाक मारायला लागतात.

८. गेलेल्याचा स्वभाव कुठे जातो

हे मला फार उशिरा कळलं. १९६४ च्या शेवटी चित्रित झालेल्या त्या पहिल्या पायलटमध्ये पाइकची उपकप्तान ‘नंबर वन’ नावाची बाई आहे. थंड, हिशेबी, चेहऱ्यावर रेषा हलत नाही अशी. आणि यानावरचा दुसरा अधिकारी स्पॉक? तो तिथे एका परग्रहावर गुणगुणणारं रोप बघून चक्क हसतो. वाहिनीने तो पायलट नाकारला, दुसरा मागितला. दुसऱ्यात पाइक नाही, डॉक्टर वेगळा, नंबर वन नाही. पहिल्यातला उरला फक्त स्पॉक, आणि त्या बाईचा थंडपणा त्याच्या अंगात आला. पुढे जगभर गाजला तो हा स्पॉक. मूळ त्याचं, अर्धं तिचं.

पडद्यामागे हे व्यवहारातून घडलं. तुम्ही ते गोष्टीच्या आत घडवा. जुना इंजिनियर काम करताना शीळ घालायचा, तो उतरला. महिन्याभराने त्याची शिकाऊ मुलगी तीच शीळ घालते आणि तिला ते कळत नाही. जुन्या कप्तानाला चहात आलं लागायचं; भंडारी अजून सगळ्यांच्या चहात आलं घालतो आणि नवा कप्तान तो अर्धा टाकून देतो. अशा दोन गोष्टी पुरतात. पाच घातल्या तर श्राद्ध घातल्यासारखं होतं.

९. दोन तट

जुने विरुद्ध नवे हा तट सगळे लिहितात. जुन्यांतल्या जुन्यांत पडणारा तट जास्त खोल असतो. आमच्याच तालुक्यातल्या विजयदुर्गाकडे बघा. कान्होजी आंग्रे १७२९ ला गेले. त्यांचे पुत्र सेखोजी सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख, झाले, आरमार एकत्र राहिलं. १७३३ ला सेखोजीही गेले आणि त्यांचे भाऊ संभाजी व मानाजी आंग्रे यांच्यात फाटलं. शेवटी मानाजी कुलाब्याला, संभाजी विजयदुर्गाला, अशी वाटणी झाली. गलबतं तीच, खलाशी त्याच बापाच्या हाताखाली तयार झालेले, पण आता दोन आरमारं. १७५६ मध्ये विजयदुर्ग पडला, संभाजींच्या मागून तिथे आलेल्या भावाचं, तुळाजींचं, आरमार बंदरातच जळालं, आणि चढाई करणाऱ्या इंग्रजांबरोबर पेशव्यांची फौजही होती.

पहिला बदल निभावतो, दुसरा फाडतो. पहिल्या वेळी सगळ्यांना जाणाऱ्याची आठवण बांधून ठेवते. तुमच्या मालिकेत दोन कप्तान बदलायचे असतील तर भांडण दुसऱ्यासाठी राखून ठेवा. पहिल्या बदलात दोन जुन्या माणसांचं एखाद्या क्षुल्लक गोष्टीवरून, मला वाटतं केबिन वाटपावरून, बिनसल्याचं तेवढं दाखवा.

१०. तारखा

रटाळ काम, पण करा. कोण कुठल्या कप्तानाखाली किती वर्षं होता ते लिहून ठेवा. स्पॉकने पाइकच्या हाताखाली ११ वर्षं, ४ महिने, ५ दिवस काढले, हे मालिकेत एकदा बोललं गेलं, आणि त्यानंतर आलेल्या प्रत्येक लेखकाला ते सांभाळावं लागलं. तुम्ही घाईत ‘पंधरा वर्षं’ लिहाल, आणि तिसऱ्या भागातली ‘बावीस’ आठवणारा वाचक तुम्हाला नक्की भेटेल. मला भेटला. तो वेंगुर्ल्याहून बसने आला होता.

११. जुना कप्तान परत येतो तेव्हा

ती ११ वर्षं ४ महिने ५ दिवस ज्या कथेत मोजली जातात ती १९६६ च्या नोव्हेंबरात दोन भागांत आली. पाइक अपघाताने पांगळा झालेला, खुर्चीला खिळलेला. स्पॉक त्याच्यासाठी ‘एंटरप्राइझ’च पळवून नेतो, कर्कला फसवून, कोर्टमार्शल ओढवून घेऊन. नव्या कप्तानाखाली निमूट काम करणारा माणूस जुन्यासाठी किती लांब जाईल, हे वाचकाला आधी कळलेलं नसतं, म्हणून ते चालतं. तेव्हा जुन्या कप्तानाला परत आणायचं असेल तर मधल्या भागांत मागे राहिलेल्यांच्या तोंडी त्याचं नाव शक्यतो येऊ देऊ नका.

तो आला की त्याला लगेच यानावर चढवूही नका. ज्या ट्रॉलरची गोष्ट वर सांगितली, तिचा जुना तांडेल पुढच्या वर्षी नारळी पौर्णिमेला बंदरात आला होता. बोटीला नवा रंग, नाव तेच. म्हातारा खलाशी वरून हात करून बोलवत होता. तो धक्क्यावरच उभा राहिला. नवा तांडेल केबिनमधून बाहेर आला, दोघांनी एकमेकांकडे बघितलं, मग नव्याने आत वळून चहा सांगितला. चहा खाली आला. जुन्याने तो धक्क्यावरच प्यायला, ग्लास खलाशाच्या हातात परत दिला, आणि बोटीच्या कडेला एकदा हात लावून बाजाराच्या दिशेने चालू लागला.